होळी ते मृग: गुलाबाची पानं सांभाळायची कशी

परदेशी बागकामाचे व्हिडिओ बघून दर वर्षी कितीतरी जण मार्चमध्ये गुलाबाची कडक छाटणी करतात आणि एप्रिलअखेर काळ्या पडलेल्या काड्या कुंडीतून उपटून टाकतात. व्हिडिओत सांगितलेलं तिकडच्यासाठी बरोबरच असतं. तिकडचा वसंत बर्फ वितळल्यावर येतो आणि त्याच्यामागून महिनोन् महिने मऊ ऊन मिळतं. आपल्याकडे पुणे, नाशिक, अहिल्यानगर, संभाजीनगर या पट्ट्यात फेब्रुवारीत पहाटे १२-१४ अंश आणि दुपारी ३२ अंश असं चालू असतं. पाडव्यापर्यंत पारा ३८ च्या आसपास जातो आणि मध्येच एखाद्या संध्याकाळी गारा पडतात. थंडीही आता लवकर पाय काढते. देशभरातल्या सरासरी कमाल तापमानाचा विचार केला तर १९०१ पासूनच्या नोंदींत मार्च २०२२ हा तोवरचा सर्वांत उष्ण मार्च होता आणि फेब्रुवारी २०२३ हा तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. म्हणून जुन्या पुस्तकांत दिलेल्या उन्हाळी कामांच्या तारखा पंधरा दिवस अलीकडे ओढून घ्या.

आपल्या गुलाबाचं वर्ष ऑक्टोबरच्या छाटणीपासून सुरू होतं. छाटणीनंतर साधारण ४५-५० दिवसांनी पहिला बहर, मग जानेवारी-फेब्रुवारीत दुसरा. त्यानंतर होळी ते मृग हे साधारण तीन महिने झाडाने पानं धरून ठेवावीत, एवढीच अपेक्षा ठेवायची. पान म्हणजे काडीची सावली. पानं गळाली की पश्चिमेकडची हिरवी साल उघडी पडते, उन्हाने करपून तपकिरी होते आणि त्या करपलेल्या पट्ट्यातून शेंडेमर (काडी वरून खाली वाळत जाणारा रोग) आत शिरते. एप्रिलमधलं फूल तसंही लहान, विरळ पाकळ्यांचं आणि दोन दिवसांत फिकं पडणारं, कारण उष्णतेने कळी घाईने उमलते. त्या फुलासाठी झाड खर्ची घालू नका.

फेब्रुवारी संपायच्या आत

फूल उतरल्यावर काडी किती कापायची यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. थंडीत आपण फुलासोबत वीतभर काडी काढतो. आता फुलाखालचं पहिलं पूर्ण पाच पर्णिकांचं पान शोधा आणि त्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या (पानाच्या बगलेतल्या कोंबाच्या) उलट बाजूला उतार ठेवून कापा. त्याहून खाली जायचं नाही. सुकलेल्या आणि काळ्या काड्या मात्र मुळापासून काढा.

कलमाच्या सांध्याखालून आलेला फुटवा याच वेळी तपासा. पाच पर्णिका असल्या तर कलमाचा आणि सात असल्या तर खुंटाचा (ज्या रानटी गुलाबावर कलम बांधलं त्याचा) फुटवा असं ओळखतात, पण ती खूण खात्रीची नाही, चांगल्या कलमालाही कधीकधी सात पर्णिका येतात. माती दोन बोटं उकरून फुटवा नेमका कुठून निघालाय ते बघा. सांध्याच्या वरून असेल तर तो पुढच्या वर्षीचा आधार आहे, त्याला जपा. खालून असेल तर कात्री न लावता खालच्या दिशेने ओढून मुळासकट उखडा. कापला तर उरलेल्या बुडख्यातून तीन येतात.

खताचा शेवटचा भरपूर हप्ता फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात द्या. १२ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, ३० ग्रॅम निंबोळी पेंड आणि २० ग्रॅम हाडांचा चुरा. जमिनीतल्या झाडाला याच्या तिप्पट. मार्चच्या मध्यापासून घट्ट खत बंद. मार्चअखेरपर्यंत १५ दिवसांतून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम या पातळ प्रमाणात, कुंडीला अर्धा लिटर, तेही ओल्या मातीवर. एप्रिल-मेमध्ये नत्र पूर्ण थांबवा. नत्राने कोवळी पालवी फुटते आणि कोवळ्या पालवीवर फुलकिडे (रस शोषणारे बारीक किडे) पडतात, उरलेली ऊन जाळतं. त्याऐवजी ०:०:५० (फक्त पालाश असलेलं खत) लिटरला २ ग्रॅम घेऊन महिन्यातून दोनदा सकाळी लवकर पानांवर फवारा. पालाशामुळे झाड पाणी जपून वापरतं. शेंगदाणा पेंडीचं आंबवलेलं पाणी थंडीत उत्तम, उन्हाळ्यात नको.

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्यासारख्या पुष्पप्रदर्शनातून किंवा रोपवाटिकेतून घरी आणलेली फुललेली रोपं सर्वांत जास्त मार्चमध्ये दगावतात. कारण बहुतेक वेळा पिशवीतला मातीचा गोळा असतो. ही चिकट माती वाळली की विटेसारखी होते. नव्या कुंडीतल्या भुसभुशीत मिश्रणात तो गोळा ठेवला की पाणी भोवतीने निघून जातं, वरची माती ओली दिसते आणि आतली मुळं कोरडीच राहतात. असं रोप आणलं असेल तर पिशवी बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १५-२० मिनिटं, तशीच ठेवा. मग पिशवी कापा, गोळा न फोडता १२ इंची कुंडीत बसवा आणि गोळ्यात बांबूच्या काडीने सात-आठ ठिकाणी आरपार भोकं पाडा. भोवती चार भाग पोयटा माती, तीन भाग शेणखत, एक भाग जाड वाळू आणि एक भाग भाताचं तूस. सांधा मातीच्या दोन बोटं वर राहिला पाहिजे. कळ्या सगळ्या खुडून टाका. मार्चच्या मध्यानंतर मात्र कुंडी बदलायच्या भानगडीत पडू नका. पिशवीतलं रोप पिशवीसकट सावलीला ठेवा, बुडवून पाणी द्या आणि जूनची वाट बघा.

पाणी

१२ इंची कुंडीला फेब्रुवारीत दिवसाआड दीड लिटर, मार्चच्या मध्यापासून रोज दीड ते दोन लिटर, एप्रिल-मेमध्ये रोज अडीच ते तीन लिटर. हे आकडे सुरुवातीपुरते. खरा निर्णय बोटाने करा: दोन इंच खोल बोट घालून माती थंड-ओलसर लागली तर आज पाणी नाही. द्यायचं तेव्हा कुंडीच्या भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत द्या. रोज तांब्या-तांब्याने पाणी घातलं तर वरचा थर ओला राहतो, मुळं वरच्या थरात येतात आणि एका कडक दुपारी तीच मुळं भाजतात.

सकाळी आठच्या आत पाणी घालणं चांगलं. मेमध्ये दुसऱ्यांदा लागलं तर सूर्य कलल्यावर, फक्त मातीत. दुपारी तीनला शेंडे माना टाकतात तेव्हा झारी उचलण्याआधी माती बघा. माती ओली असेल तर झाड उन्हापुढे दमलंय एवढंच, संध्याकाळी सातपर्यंत शेंडे वर येतात. ओल्या मातीतही सकाळी माना खालीच असतील तर मुळं कुजायला लागली आहेत. अशा वेळी पाणी तोडा, कुंडीचं खालचं भोक मोकळं करा. तळातली थाळी या दिवसांत उपयोगापेक्षा त्रासच जास्त देते.

जमिनीतल्या झाडाला दीड फूट त्रिज्येचं आळं करा. मुरमाड जमिनीत दर तिसऱ्या दिवशी १० लिटर, काळ्या जमिनीत पाच-सहा दिवसांनी तेवढंच. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर सव्वा तासात १० लिटर होतात. काळ्या जमिनीला भेगा पडू देऊ नका. भेग पडताना बारीक मुळं तुटतात आणि पुढचं पाणी भेगेतून सरळ खाली जातं. दर पाण्यानंतर वाफसा आला (माती ना चिखल ना कोरडी अशी झाली) की खुरप्याने इंचभर वरची माती हलवा.

उन्हाळ्यात बोअरचं पाणी जड होत जातं. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी दिसली आणि जुन्या पानांच्या कडा करपायला लागल्या तर तो क्षारांचा परिणाम समजा. महिन्यातून एकदा नळाचं किंवा साठवलेलं गोडं पाणी एका दमात सात-आठ लिटर सोडा आणि भोकातून वाहू द्या, क्षार धुऊन निघतात. नवं पान पिवळं पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोहाची कमतरता. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल असं विद्राव्य लोह) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतराने दोन फवारे.

आच्छादन नसेल तर वरचं सगळं पाणी फुकट. उसाचं पाचट, वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्यांचा चुरा दोन ते तीन इंच जाड पसरा, पण सांध्यापासून दोन इंच मोकळं ठेवा. जमिनीवर पाचट घालताना वाळवी येते. आधी आळ्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि आठवड्यातून एकदा पाचट उचलून खाली मातीच्या नळ्या दिसतात का ते बघा.

ऊन आणि तापलेली गच्ची

गुलाबाला ऊन लागतंच. सकाळचं पाच-सहा तासांचं ऊन मेमध्येही मिळू द्या. टाळायचं ते ११ ते ४ चं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून ३५ टक्के ऊन अडवणारं शेडनेट, विदर्भात ५० टक्क्यांचं. नेट झाडाच्या शेंड्यापासून किमान दोन फूट वर आणि पश्चिमेकडून खाली सोडलेलं. पूर्वेची बाजू उघडी. सगळीकडून गुंडाळलेल्या झाडाच्या काड्या लांबट, लुसलुशीत होतात आणि पहिल्याच वाऱ्यात मोडतात.

गच्चीवर पानांइतकीच मुळांची काळजी. काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारी हाताला चटका देते, आतली भिंतीलगतची मुळं तेच सोसत असतात. कुंड्या स्लॅबवरून दोन विटांवर उचला, एकमेकींना खेटून लावा म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडेल, आणि नैर्ऋत्य कडेच्या कुंड्यांना ओलं गोणपाट गुंडाळा. कुंडी बाहेरून चुन्याने पांढरी केली तरी मोठा फरक पडतो. एक कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत नारळाच्या शेंड्या भरणं हा सर्वांत चांगला उपाय.

एप्रिल-मेमध्ये कळी वाटाण्याएवढी झाली की नखाने खुडा. फक्त कळीच खुडायची, खालचं पान ठेवायचं. मन होत नाही, पण जूनमध्ये झाडाकडे बघून पटतं. ग्लॅडिएटर, आइसबर्ग आणि आपला गावठी सुगंधी गुलाब हे उन्हाळा बऱ्यापैकी सोसतात. बटण गुलाबांवर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड) फार लवकर पडतो, त्यांना सर्वांत आधी सावली द्या.

शेजारी कोण चालतं, कोण नाही

गुलाबाशेजारी झेंडू लावावा असं जो तो सांगतो. त्यात अर्धं खरं आहे. बुटका मखमली झेंडू दाट लावून दोन-अडीच महिने वाढवला तर त्याच्या मुळांमुळे मातीतले सूत्रकृमी (मुळांवर जगणारे सूक्ष्म कृमी) कमी होतात. एखाद-दुसरं झाड कुंडीच्या कडेला टोचून काही होत नाही. आणि उन्हाळ्यात तोच झेंडू लाल कोळ्याचं आगार बनतो. मार्चच्या शेवटी झेंडूची पानं धुळकट, राखाडी दिसायला लागतात, फुलांवर बारीक जाळी येते, आणि झेंडू वाळला की कोळी गुलाबावर चढतो. म्हणून झेंडू ऑक्टोबर ते मार्च ठेवा आणि होळी झाली की उपटा. स्वच्छ असेल तर चिरून आच्छादनात घाला, जाळी दिसली तर पिशवीत बांधून टाकून द्या.

मिरची गुलाबापासून लांब. मिरचीची पानं ज्या फुलकिड्यांमुळे होडीसारखी वळतात, तेच फुलकिडे गुलाबाच्या कळ्या करपवतात. द्राक्षातही हीच कीड पडते, त्यामुळे नाशिककडच्या बागायतदारांना ती चांगली परिचयाची आहे. वांगी, भेंडी आणि घेवडा हे कोळ्याचे आवडते. जास्वंद पिठ्या ढेकणाला बोलावते. यांतलं काही लावायचंच असेल तर गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला तर नकोच.

उपयोगी शेजारी वेगळे आहेत. डिसेंबरात पेरलेली कोथिंबीर, शेपू आणि बडीशेप खुडून संपवू नका, दोन-चार झाडं फुलोऱ्याला येऊ द्या. त्यांच्या छत्रीसारख्या बारीक फुलांवर सिर्फिड माश्या, ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटक येतात. त्यांची पिल्लं फेब्रुवारीतला मावा फस्त करतात. ढालकिड्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, लहानशा सुसरीसारखी दिसते. कीड समजून तिला मारू नका. पांढरं ॲलिसमही हेच काम करतं, पण एप्रिलच्या उन्हात ते टिकत नाही.

मातीवर पसरायला ऑफिसटाइम (पोर्टुलाका) सर्वांत चांगलं. मुळं उथळ, पाणी कमी, पानं मांसल. १२ इंची कुंडीच्या कडेने चार बोटं लांबीचे पाच-सहा तुकडे मार्चच्या सुरुवातीला खोचा, पंधरा दिवसांत माती झाकली जाते. एक फायदा आणखी: पाणी कमी पडलं तर त्याची पानं आधी सुरकुततात आणि गुलाबाच्या आधी तुम्हाला कळतं. सांध्याभोवती चढू लागलं की खुडा.

पश्चिमेच्या झळांना गवती चहा आडवा घाला. गेल्या पावसाळ्यातलं ठोंब १२ इंची कुंडीत एप्रिलपर्यंत तीन फूट होतं. अशा चार-पाच कुंड्या ओळीने लावल्या की गरम वारा अडतो, आणि पाती कापून आच्छादनालाही येतात. अंगणात जागा असेल तर पश्चिमेच्या बांधाला शेवरी लावा. पानमळ्यात वेलींना तिची हलकी, हलती सावली देण्याची रीत आहेच, गुलाबालाही तशीच सावली हवी.

लसणाने मावा जातो असं म्हणतात. त्यावर भिस्त ठेवू नका, पण लावल्याने अपायही नाही, मार्चमध्ये काढणीलाच येतो. पुदिना गुलाबाच्या कुंडीत कधीच नको, त्याचे धावते फुटवे सगळी कुंडी व्यापतात. झिनियावर भुरी (पानांवर पांढरा पिठूळ थर आणणारी बुरशी) दिसली म्हणून घाबरून तो उपटू नका. झिनियाची भुरी आणि गुलाबाची भुरी या वेगवेगळ्या बुरशा आहेत.

भुरी, कोळी, फुलकिडे: आधी ओळख

फेब्रुवारीतली थंड पहाट आणि गरम दुपार भुरीला फार मानवते. नवं तांबूस पान वाकडं होतं, कळीच्या देठावर पिठूळ थर येतो. बाकीच्या बुरशांसारखी हिला ओली पानं लागत नाहीत, उलट पानावरचं पाणी तिच्या बीजाणूंना मारक आहे. म्हणून सकाळी सात-आठच्या दरम्यान पानांवर पाण्याचा फवारा मारणं हा पहिला उपाय. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण दुपार ३२ अंशांच्या वर जाणार असेल त्या दिवशी नको, पानं भाजतात. कडुनिंबाचं तेल मारल्यावर १५ दिवस गंधक नाही. उष्मा वाढल्यावर खायचा सोडा लिटरला ५ ग्रॅम आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब, आठवड्यातून एकदा, फार तर तीन वेळा.

मार्चमध्ये भुरी आपोआप मागे पडते आणि कोळी येतो. तो ओळखायचा कसा ते नीट बघा, कारण बहुतेकांना तो उशिरा दिसतो. झाडाचं खालून तिसरं-चौथं पान धरा. वरून त्यावर सुईच्या टोकाएवढे पिवळट ठिपके दिसतात, लांबून पान धुळकट वाटतं. पान उलटा. मधल्या शिरेलगत बारीक पूड सांडल्यासारखी दिसते. तिच्याकडे अर्धा मिनिट टक लावून बघा, त्यातले काही कण चालतात. खात्रीसाठी पानाची खालची बाजू पांढऱ्या कागदावर झटका आणि पडलेल्या कणांवरून बोट फिरवा, लालसर-हिरवट रेघ उमटली तर कोळी. जाळी दिसेपर्यंत थांबलात तर पानगळ अटळ असते.

कडक उन्हाळ्यात कोळ्याची एक पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते. म्हणून एकदा धुऊन भागत नाही. पाइपच्या तोंडावर बोट ठेवून जोराची धार पानांच्या खालच्या बाजूला मारा, कुंडी आडवी करून मारली तर अधिक सोपं. दर तीन दिवसांनी असं चार वेळा. तरीही राहिला तर पाचव्या खेपेला संध्याकाळी कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली आणि मऊ साबणाचं पाणी १ मिली. तेल आधी साबणात फेटा, मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या झाडावर सगळं तेलच पडतं. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारू नका. त्याने कोळी मरत नाही, अनेकदा वाढतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांनी कोळी खाणारे मित्रकीटक मरतात, परिणाम तोच.

फुलकिड्यांची खूण कळीवर असते: पाकळ्यांच्या कडा तपकिरी, कळी अर्धवट उघडून थांबलेली, नवी पानं कडांनी आत वळलेली. कळी पांढऱ्या कागदावर टकटक आपटली की पिवळे-काळे, रेघेसारखे किडे पळताना दिसतात. अशा कळ्या खुडून साबणाच्या पाण्यात टाका, जमिनीवर नको, कारण त्यांचा कोष मातीतच होतो. झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर निळे चिकट सापळे, दहा कुंड्यांना एक. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळलेली, आठवड्याच्या अंतराने तीनदा. फारच जोर असेल तर स्पिनोसॅड ४५ एससी हे कीटकनाशक लिटरला ०.३ मिली, मधमाश्या परतल्यावर, सूर्यास्ताच्या सुमाराला, एकदाच. कळ्या खुडायची शिस्त पाळली तर बहुधा इथवर यावं लागत नाही. औषध कोणतंही असो, हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

गारा आणि अवकाळी

२०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातल्या कित्येक जिल्ह्यांना गारांनी झोडपलं. त्यानंतरही फाल्गुन-चैत्रातली गारपीट अधूनमधून येतेच आहे. हवामान खात्याचा पिवळा किंवा नारिंगी इशारा आला की कुंड्या भिंतीच्या आडोशाला हलवा, उंच काड्यांना बांबूचा आधार द्या आणि दोन दिवस खत-फवारणी थांबवा. आडवं ताणलेलं नेट गारांच्या वजनाने झोळीसारखं लोंबतं आणि फाटतं. त्याला एका बाजूला चांगला उतार द्या म्हणजे गारा घरंगळतील. नेट दुहेरी केलं तर मार आणखी कमी बसतो.

गारा थांबल्यावर लगेच बुंध्याभोवती साचलेला बर्फ हाताने बाजूला करा. फुलं, फुटक्या कळ्या खुडा. फाटकी पानं मात्र राहू द्या, अर्धं पानही अन्न तयार करतं. मग काड्या बघा, नीट. गारेचा घाव वरच्या किंवा वाऱ्याकडच्या बाजूला असतो: लंबगोल, आधी ओला-गडद, दुसऱ्या दिवशी तपकिरी. साल फक्त खरचटली असेल तर कापू नका. काडी निम्म्याहून अधिक चिरली असेल तर घावाच्या खाली, बाहेरच्या डोळ्यावर कापा. कापल्यावर काडीचा गाभा बघा. पांढरा, ओलसर असेल तर थांबा. मध्ये तपकिरी ठिपका दिसला तर अर्धा इंच खाली पुन्हा कापा, ठिपका जाईपर्यंत. दर कापानंतर कात्रीचं पातं स्पिरिटने पुसा, नाहीतर शेंडेमर तुम्हीच एका काडीवरून दुसरीवर नेता. कापांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक थोड्या पाण्यात कालवून लेप लावा. दुसऱ्या सकाळी पानं कोरडी झाल्यावर तेच लिटरला २.५ ग्रॅम घेऊन पूर्ण झाडावर फवारा, खरचटलेल्या सालींवर विशेष.

आता पाणी थांबवा. वरची दोन इंच माती सुकेपर्यंत एक थेंबही नको. दोन ढगाळ दिवसांनंतर एकदम ३८ अंशांचं ऊन पडलं की पानं करपतात, म्हणून नेट काढलं असेल तर ऊन पडायच्या आत परत लावा. पाऊस झाल्यापासून आठ-दहा दिवसांनी खालच्या पानांवर काळे, कडा पसरलेले ठिपके आणि भोवती पिवळेपणा दिसला तर तो काळ्या ठिपक्यांचा रोग. पान सात-आठ तास सलग ओलं राहिलं की तो रुजतो. ती पानं वेचा, खाली पडलेलीही उचला, आणि मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. या काळात पानांवर पाणी मारणं बंद, कोळी असला तरीही. कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे हा रोग ठाण मांडून असतो. तिथे कुंड्यांमध्ये दोन फूट अंतर ठेवा, झाड मधून मोकळं ठेवा आणि पाणी फक्त मुळाशी द्या.

गारपिटीने झाड अगदी उघडं पडलं तरी खत घालू नका. पानं नसलेलं झाड खत घेत नाही, क्षार मात्र साचतात. १५-२० दिवसांत डोळे फुगले नाहीत तर नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर सावलीत ठेवून वाट बघा.

वळवाचा पाऊस झाल्यावर

मेअखेर-जूनच्या सुरुवातीला पहिला वळीव झाला की रात्रीतून पानं कडेने कुरतडलेली दिसू लागतात आणि दिवसा कीड सापडत नाही. ते हुमणीचे भुंगे. अंधार पडल्यावर जमिनीतून निघून आधी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जातात, जवळ गुलाब असला तर त्यावरही. पावसानंतरच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेसात ते नऊ टॉर्च घेऊन जा, फांदी हलवा, खाली चादर धरा, पडलेले भुंगे साबणाच्या किंवा रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. एक मादी मातीत अंडी घालायच्या आत पकडलीत तर ऑगस्टमध्ये मुळं खाणाऱ्या अळ्या तेवढ्या कमी.

मान्सूनची तारीखही गृहीत धरू नका. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. पाऊस दोन-तीन दिवस टिकून पडला आणि दुपार ३४ अंशांच्या खाली आली की नेट उतरवा, एकदम नको, तीन-चार दिवसांत थोडं थोडं. कुजलेलं आच्छादन मातीत मिसळा, ऑफिसटाइम उचलून वेगळ्या कुंडीत लावा आणि गुलाबाची मेलेली, आत वाढलेली काडी काढून हलकी छाटणी करा. फेब्रुवारीपासून थांबवलेलं शेणखत आता दोन मुठी द्या.